आधी नजर, मग निवाडा

मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा वाचतो आणि थांबतो. समोरच्या गर्दीतून कुणीतरी तो मिसरा पुन्हा उच्चारतो, दुसरा ‘मुकर्रर’ म्हणतो, तिसरा मान हलवून दुसऱ्या मिसऱ्याची वाट पाहतो. शेर उतरला तर छप्पर उडेल अशी दाद मिळते आणि पडला तर सगळ्यांना कळेल अशी शांतता पसरते. दाद कुठे द्यावी, हे आपल्याला कुठल्याही शाळेने शिकवलेले नाही. वडीलधाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्याने ते येते. शेर एकट्याने वाचताना कळला नाही तरी मैफिलीत कळतो, हा अनुभव उर्दूशी थोडाफार संबंध असलेल्या प्रत्येकाला आहे.

चित्राच्या बाबतीत मात्र आपण एकदम मुके होतो. चित्र समोर आले की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, “हे आपले काम नव्हे.” आणि दुसरी, “छान आहे.” दोन्हींनंतर बोलणे संपते. चित्रासमोर चार माणसांनी बसावे, त्यातले काय उतरले आणि काय फसले यावर वाद घालावा, आपल्या मताचे कारण द्यावे, ही गोष्ट आपल्याला परकी वाटते. ती युरोपातून आली आणि बड्या लोकांच्या गॅलऱ्यांमध्ये राहिली असा आपला समज आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू हा समज तपासण्याचा आहे. पंधराव्या ते सतराव्या शतकात हेरातपासून आग्र्यापर्यंत चित्र हे शेराप्रमाणेच मजलिसीत पाहिले जात होते, त्यावर मते मांडली जात होती आणि ती मते लिहूनही ठेवली जात होती.

सुरुवातीलाच एक खुलासा. सजीवांचे चित्र काढणे जायज की नाजायज, हा उलेमांच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यात मतभेद होते आणि आहेत. मी शिक्षक आहे, मुफ्ती नाही. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. जे घडले ते कसे घडले आणि त्यातून आपण काय गमावले, एवढेच मला पाहायचे आहे.

हेरातची मजलिस

आज अफगाणिस्तानात असलेले हेरात हे शहर सुलतान हुसेन बायकराच्या कारकिर्दीत (1469 ते 1506) विद्येचे आणि कलेचे माहेरघर होते. सुलतानाचा जिवलग मित्र आणि अमीर मीर अली शीर नवाई (1441 ते 1501) स्वतः तुर्की भाषेतला थोर शायर होता. त्याच्या मजलिसीत कवी, खुशनवीस, गवई, मौलवी आणि चित्रकार एकत्र बसत. याच शहरात उस्ताद बिहजाद काम करीत होता.

हेरातमध्ये 1485 साली जन्मलेल्या जैनुद्दीन वासिफीने आपल्या आठवणींच्या ग्रंथात एका बैठकीची हकीकत दिली आहे. बिहजादने एक चित्र मीरसाहेबांपुढे ठेवले. चित्रात फुललेली बाग होती, झाडांवर पाखरे होती, पाण्याचे पाट होते आणि त्या बागेत काठीला टेकून खुद्द मीर अली शीर उभा होता. पुढे सोन्याने भरलेली ताटे होती. मीरसाहेबांनी जमलेल्यांना विचारले, चित्र पाहून तुमच्या मनात काय येते ते सांगा. एक मौलाना म्हणाले की ही फुले पाहून हात पुढे करावा आणि एखादे फूल तोडून पगडीत खोवावे असे वाटले. दुसरे म्हणाले, मलाही तसेच वाटले, पण हात पुढे केला तर पाखरे उडून जातील म्हणून थांबलो. तिसऱ्याने चित्रातल्या मीरसाहेबांचा मूड सांभाळायला हवा अशा अर्थाचे काही म्हटले, तर चौथ्याने त्याच्या हातातल्या काठीवरून थट्टा केली. शेवटी बिहजादला खोगिरासह घोडा आणि खिलअत मिळाली आणि बोलणाऱ्यांनाही उंची वस्त्रे मिळाली.

ही हकीकत शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. आठवणी लिहिणारा माणूस थोडे मीठमसाला घालतोच. पण तिच्यातून तिथला रिवाज कळतो. चित्र पुढे आल्यावर प्रत्येकाने काहीतरी बोलायचे असते. दुसऱ्याने पहिल्याचे म्हणणे ऐकून, त्याला जोडून, त्याच्यापुढे जायचे असते, अगदी मुशायऱ्यात तरही मिसऱ्यावर शेर बांधावा तसे. आणि इनाम चित्रकाराइतकेच पाहणाऱ्यांनाही आहे. नीट पाहणे आणि ते शब्दांत सांगणे हेसुद्धा त्या समाजात हुनर मानले जात होते.

याच हेरातला 1506 साली तरुण बाबर आला. पुढे हिंदुस्थानात मोगल राज्याचा पाया घालणारा हाच बाबर. त्याने आपल्या आत्मचरित्रात बिहजादवर दिलेले मत मोठे मजेदार आहे. बिहजादचे काम नाजूक आहे, दाढीवाले चेहरे तो उत्तम काढतो, पण बिनदाढीचे चेहरे त्याला साधत नाहीत, हनुवटीखालचा भाग तो फार मोठा करतो, असे बाबर म्हणतो. त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकाराबद्दल एक सैनिक इतक्या नेमकेपणाने बोलतो. ‘छान’ किंवा ‘वाईट’ एवढ्यावर तो थांबत नाही. कुठे छान आणि कुठे फसले, ते बोट ठेवून दाखवतो. ही सवय रणांगणावर लागत नाही, ती मजलिसीत लागते.

त्याच ग्रंथात याच्या उलट उदाहरणही आहे. 1507 साली शैबानी खानाने हेरात जिंकले. बाबर तक्रार करतो की या खानाने कलम हातात घेऊन बिहजादच्या चित्रात आणि सुलतान अली मशहदीसारख्या खुशनवीसाच्या अक्षरांत दुरुस्त्या केल्या. बाबर शैबानीचा हाडवैरी होता, तेव्हा या आरोपात अतिशयोक्ती असणारच. पण आरोप कोणता आहे ते पाहावे. जिंकलेल्या शहरात कत्तल केली, लूट केली, यांच्या जोडीला “न कळणाऱ्या कलेत हात घातला” हाही गुन्हा म्हणून नोंदवला गेला आहे. तलवार हाती असली म्हणून चित्राचा निवाडा करण्याचा हक्क मिळत नाही, हे त्या काळच्या माणसालाही पटलेले होते.

फकिराची गोधडी

मजलिसीत चित्र पाहायचे तर ते हातातून हातात जायला हवे. या गरजेतून मुरक्का हा प्रकार बहरला. मुरक्का म्हणजे चित्रे आणि खुशखतीचे नमुने चिकटवून केलेले पुस्तक, आजच्या भाषेत अल्बम. मूळ शब्दाचा अर्थ ठिगळे लावलेले वस्त्र. सूफी फकीर ठिगळांचा जो झगा घालीत तो मुरक्का. आपल्याकडच्या गोधडीसारखेच ते. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या काळांतून आलेले तुकडे एकाच वस्त्रावर शेजारी शेजारी बसतात.

हे शेजारी बसणे महत्त्वाचे आहे. मुरक्का उघडला की समोरासमोर दोन पाने येतात. एकीकडे जुन्या उस्तादाचे काम, दुसरीकडे त्याच्या शागिर्दाचे. डोळा आपोआप इकडून तिकडे फिरतो आणि तुलना सुरू होते. इराणचा शाह तहमास्प याचा भाऊ बहराम मिर्झा याच्यासाठी दोस्त मुहम्मद नावाच्या खुशनवीसाने 1544-45 च्या सुमारास असा एक मुरक्का तयार केला. तो आज इस्तंबूलच्या तोपकापी महालात आहे. त्याला दोस्त मुहम्मदने प्रस्तावना जोडली आहे. खुशनवीस आणि चित्रकार यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे, कोण कुणाचा शागिर्द, कुणी काय नवे केले, हे सारे त्यात क्रमाने येते. हदीसची सनद जशी रावींच्या साखळीने सांगितली जाते, तशीच काहीशी ही कलमेची सनद आहे. पाने उलटता उलटता वाद घालणाऱ्यांना हाताशी इतिहास हवा होता, म्हणून तो लिहिला गेला.

अकबराचा तसवीरखाना

हुमायून इराणातून परतला तेव्हा मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद हे दोन उस्ताद त्याच्याकडे आले आणि हा रिवाज हिंदुस्थानात पोहोचला. अकबराच्या काळात (1556 ते 1605) त्याला वेगळेच वळण मिळाले.

अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त तसवीरखान्याची रीत सांगतो. दर आठवड्याला दरोगे आणि कारकून सगळ्या चित्रकारांची कामे बादशहापुढे मांडीत. कामाच्या कसाप्रमाणे इनाम मिळे किंवा महिन्याचा पगार वाढे. म्हणजे चित्र पाहणे ही आठवड्याची ठरलेली बैठक झाली. तिच्यात काय बोलले जाई, याचा अंदाज अबुल फजलच्या नोंदींवरून येतो. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. तो भिंतींवर चित्रे काढीत असे. बादशहाची नजर त्याच्यावर पडली, त्याला ख्वाजा अब्दुस्समदकडे शिकायला ठेवले गेले आणि थोड्याच काळात तो सगळ्यांच्या पुढे गेला. पुढे त्याला वेडाने ग्रासले आणि 1584 मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. बसावनविषयी लिहिताना अबुल फजल सांगतो की पार्श्वभूमी, चेहरेपट्टी, रंगांची मांडणी आणि शबीह यांत तो इतका निष्णात आहे की अनेक जाणकार त्याला दसवंतपेक्षा वरचढ मानतात. ‘अनेक जाणकार’ या दोन शब्दांत एक अख्खा वाद दडलेला आहे. दसवंत मोठा की बसावन मोठा, यावर दरबारात दोन तट होते आणि दोन्ही तट कारणे देत होते. बादशहाच्या पदरच्या इतिहासकाराला तो वाद दडवावा असे वाटले नाही.

आणखी एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे. अबुल फजलने नावे घेतलेल्या चित्रकारांत केशव, लाल, मुकुंद, मधू, जगन, महेश, खेमकरण, तारा, सांवला, हरिबंस अशा हिंदू नावांची संख्या मोठी आहे आणि या हिंदू चित्रकारांची तो मनापासून स्तुती करतो. निवाडा कामाचा होता, नावाचा नव्हता.

निवाड्याची ही पद्धत कागदावरही उतरली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असलेल्या ‘अकबरनामा’च्या 116 चित्रांपैकी पुष्कळांच्या खाली लाल शाईने कारकुनाने लिहिलेल्या ओळी आहेत. तरह म्हणजे आराखडा कुणाचा, अमल म्हणजे रंगकाम कुणाचे, आणि कुठे कुठे चेहरे कुणाचे, हे वेगवेगळे नोंदलेले आहे. एकाच चित्रावर दोन-तीन माणसांनी काम केले, तर शाबासकी आणि चूक नेमकी कुणाच्या पदरात टाकायची, हे कळायला हवे ना? या हिशेबी नोंदींमुळे आज आपल्याला शेकडो कारागिरांची नावे ठाऊक आहेत. शाही ग्रंथालयात पोथ्यांची वेळोवेळी तपासणी होई तेव्हा ‘अर्ज दीदा शुद’ म्हणजे ‘पाहणी झाली’ असा शेरा, तारीख, कधी दर्जा आणि किंमतही लिहिली जाई.

याच काळात ‘हमजानामा’ची चित्रे झाली. सुमारे 1562 पासून पंधरा वर्षे हे काम चालले. कापडावर काढलेली, हातभर लांबीपेक्षा मोठी, जवळपास 1400 चित्रे. बऱ्याच पानांच्या पाठीवर कथेचा मजकूर आहे. त्यावरून अनेक अभ्यासक असा तर्क करतात की चित्र श्रोत्यांसमोर धरले जाई आणि किस्सागो कथा सांगे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. एकेक चित्र पुढे धरायचे आणि गाऊन-बोलून रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवायचा, ही पद्धत आपल्या कोकणात आजही पाहायला मिळते. महालात असो वा देवळाच्या अंगणात, चित्र हे घोळक्याने पाहण्याची वस्तू होती. ‘हमजानामा’ची पाने पुढे कुठे गेली, याची एक हकीकत मात्र मन विषण्ण करते. 1881 मध्ये लंडनच्या म्युझियमसाठी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातली काही पाने श्रीनगरच्या एका दुकानात सापडली. थंडी-वारा आत येऊ नये म्हणून ती खिडक्यांना लावलेली होती. पाहणारी मजलिस उठून गेली की चित्राचे काय होते, ते यावरून समजते.

चित्रकलेला विरोध करणारे त्या काळीही होते. अबुल फजल लिहितो की जवळच्या मंडळींच्या एका खाजगी बैठकीत अकबराने यावर आपले मत मांडले. चित्रकाराला खुदाची ओळख होण्याची एक वेगळी वाट आहे असे त्याचे म्हणणे होते. सजीवाचे एकेक अवयव रेखाटल्यावर आपण त्यात प्राण घालू शकत नाही हे त्याला कळते आणि प्राण देणाऱ्याची आठवण होते. हे मत कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण तेही बैठकीत, समोरच्यांना कारण देऊन मांडलेले मत आहे.

जहांगीरची नजर

जहांगीर (1605 ते 1627) या बाबतीत बापाच्या पुढे गेला. नाव न सांगता कुणाचेही चित्र दाखवा, ते कुणाचे आहे हे मी ओळखतो. एकाच चेहऱ्यात डोळे-भुवया दुसऱ्याने काढल्या असतील तर तेही सांगतो, असा दावा त्याने आपल्या तुजुकमध्ये केला आहे. बादशहाची बढाई म्हणून हे सोडून देता येईल. पण आधीच्या पिढीत तरह, अमल आणि चेहरा वेगळे नोंदवण्याची शिस्त होती, त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाचा हा दावा आहे, हे विसरता कामा नये.

आपल्या नजरेवर एवढा भरवसा असलेला हा बादशहा इतरांची साक्षही काढीत असे. त्याने 1613 मध्ये खान आलमच्या वकिलातीबरोबर बिशनदास या चित्रकाराला इराणला धाडले, शाह अब्बासची शबीह काढून आणण्यासाठी. 1620 च्या सुमारास ही मंडळी परतली. चित्र उत्तम होते. पण शाहला जहांगीरने स्वतः कधी पाहिलेले नव्हते, मग साम्य साधले की नाही हे कसे ठरवायचे? त्याने ते चित्र शाहच्या माणसांना दाखवले आणि त्यांनी फार छान उतरले आहे अशी ग्वाही दिल्याचे नोंदवले. बिशनदासला हत्ती इनाम मिळाला. ज्याची नजर ज्या बाबतीत अधिकारी, त्याला त्या बाबतीत विचारावे, एवढी समज या प्रसंगात आहे.

दुसरा प्रसंग 1616 चा, अजमेरचा. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याने जहांगीरला एक छोटे चित्र दाखवले. माझा चित्रकार याची अशी नक्कल करील की तुम्हाला तुमचे चित्र ओळखू येणार नाही, असे बादशहा म्हणाला. काही दिवसांनी रात्री रोला बोलावणे आले. त्याचे मूळ चित्र आणि पाच नकला अशी सहा चित्रे एकाच फळीवर लावून मेणबत्तीच्या उजेडात त्याच्यापुढे ठेवण्यात आली. रोने स्वतः कबूल केले आहे की ओळखताना त्याला बराच त्रास झाला. शेवटी त्याने आपले चित्र ओळखले. बादशहा मात्र खूष होता. हा खेळ होता, स्पर्धा होती, थोडी फुशारकीही होती. पण त्या रात्री अजमेरला एक इंग्रज आणि एक मोगल शेजारी बसून रेषा आणि रंग यांचा कीस काढीत होते.

हे सारे फक्त उत्तरेत चालले होते असे नाही. आपल्या सोलापूरच्या पलीकडे विजापुरात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने (1580 ते 1627) खलीलुल्लाह या खुशनवीसाला ‘बादशाह-ए-कलम’ असा किताब दिला. आपल्या जळगावला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात वर्षानुवर्षे राहिलेल्या अब्दुर्रहीम खानखानाने रामायणाची सचित्र फारसी पोथी करवून घेतली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने टिपण लिहिले.

मजलिसीबाहेर कोण होते?

इतके सांगून झाल्यावर या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ही मजलिस मूठभरांची होती. बादशहापुढे मत मांडणारा माणूस बादशहाचा चेहरा पाहूनच बोलत असणार. वासिफीच्या हकीकतीतला तिसरा मौलाना मीरसाहेबांच्या नाराजीची भीती थट्टेने बोलून दाखवतो, पण ती भीती खरी होती. बक्षीस, पगार, हत्ती हे सारे एका माणसाच्या मर्जीवर होते. ज्या कहाराच्या पोराकडे बादशहाचे लक्ष गेले तो दसवंत झाला. ज्यांच्याकडे गेले नाही अशांची भिंतीवरची चित्रे पावसाने धुऊन नेली.

बायकांचे काय? त्या दिवाणखान्यात दिसत नाहीत, पण ग्रंथांत त्यांच्या खुणा आहेत. अकबराची आई हमीदा बानू बेगम हिच्याकडे 1594 ची सचित्र रामायणाची पोथी होती. ती आज दोहाच्या संग्रहालयात आहे. दारा शुकोहने आपली बेगम नादिरा बानू हिला स्वहस्ते अर्पणपत्रिका लिहून एक मुरक्का भेट दिला. तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फुलांची, पाखरांची, तरुण-तरुणींची ती समोरासमोरची पाने दोघांनी मिळून उलटली असतील. जनानखान्यातही पाहणे होते, बोलणेही असणार. ते लिहून घ्यायला तिथे कुणी अबुल फजल नव्हता.

मुंबईची नवी मजलिस

दरबार गेले, तसवीरखाने मोडले, मुरक्के सुटून त्यांची पाने जगभर पांगली. नंतरच्या काळात चित्र पाहण्याच्या जागा बदलल्या. मुंबईत 1857 मध्ये सर ज. जी. कला महाविद्यालयाची सुरुवात झाली, 1888 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि वार्षिक प्रदर्शन, परीक्षक, पदके, वर्तमानपत्रातले परीक्षण हा नवा रिवाज आला. तिकीट काढणारा कुणीही आत जाऊन मत देऊ शकत होता. मजलिसीचे दार रुंद झाले.

पंढरपुरात 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवीत होते. 1947 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळाले आणि लोकांना त्यांचे नाव कळले. पुढच्याच वर्षी सय्यद हैदर रझांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. सूझा, आरा, गाडे, बाकरे, रझा आणि हुसेन या सहा जणांचा प्रोग्रेसिव्ह गट याच काळातला. गोव्याचा ख्रिश्चन, कधीकाळी लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेला आरा, मराठी गाडे आणि बाकरे, दोन मुसलमान, अशी ही सरमिसळ होती. एकमेकांची चित्रे पाहायची आणि तोंडावर टीका करायची, हा त्यांचा शिरस्ता. टाइम्स ऑफ इंडियात काम करणारे ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती पाहत, वाद घालत. 1948 मध्ये हुसेन आणि सूझा बरोबरच दिल्लीला गेले आणि तिथल्या भारतीय कलेच्या मोठ्या प्रदर्शनात मथुरेची शिल्पे आणि पहाडी चित्रे त्यांनी पाहिली. हुसेनच्या पुढच्या कामावर त्या पाहण्याचा खोल ठसा आहे. हेरातच्या मजलिसीत जे चालले होते, त्याचेच हे साध्या कपड्यातले रूप म्हणता येईल.

न पाहता दिलेला निवाडा

याच हुसेनच्या वाट्याला पुढे काय आले ते सर्वश्रुत आहे. 1970 च्या दशकात काढलेल्या काही रेखाचित्रांवरून 1996 मध्ये एका हिंदी मासिकात लेख छापून आला. जवळजवळ वीस वर्षे त्या रेखाटनांबद्दल ओरड नव्हती. लेख आल्यावर खटले झाले, अहमदाबादेत त्यांच्या कलाकृतींची नासधूस झाली. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, पण 2006 मध्ये देश सोडलेले हुसेन परतले नाहीत. 2010 मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि 2011 मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. निषेध करणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती रेखाटने डोळ्यांनी पाहिली होती, हा प्रश्न विचारण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

इथे आपण मुसलमानांनी मान डोलावून थांबू नये. 2004 मध्ये हुसेन यांचा ‘मीनाक्षी’ हा चित्रपट आला, तेव्हा त्यातल्या एका कव्वालीच्या शब्दांवर आक्षेप घेणारे आपलेच लोक होते. चित्रपट थोड्याच दिवसांत थिएटरमधून काढून घ्यावा लागला. आक्षेप बरोबर होता की चूक, यावर प्रामाणिक चर्चा होऊ शकली असती. पण किती मोहल्ल्यांत ते गाणे शांतपणे ऐकून, शब्दन्‌शब्द तपासून चर्चा झाली? एकाने ऐकले, दहा जणांनी सांगितले आणि शंभर जणांनी निवाडा केला. दोन्ही बाजूंनी घडले ते सारखेच. शैबानी खानाने निदान चित्र समोर घेऊन कलम चालवली होती.

मजलिसीची रीत इथे उपयोगी पडते असे मला वाटते. त्या रीतीचा पहिला नियम, चित्र समोर असले पाहिजे. दुसरा, बोलणाऱ्याने कारण दिले पाहिजे. तिसरा, पुढच्याने मागच्याचे ऐकून बोलले पाहिजे. हे तीन नियम पाळूनही एखादे चित्र न आवडण्याचा, ते चुकीचे वाटण्याचा, धर्माच्या दृष्टीने ते नको म्हणण्याचा हक्क शिल्लक राहतोच. फक्त तो हक्क बजावणारा माणूस आधी पाहिलेला असतो.

वर्गातली सुरुवात

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडची मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात, वस्तुचित्र, नक्षी, अक्षरलेखन करतात. खुशखतीच्या स्पर्धेत त्यांचे हात उत्तम चालतात. हात तयार होतो, पण डोळा आणि जीभ तयार करण्याची सोय अभ्यासक्रमात जवळजवळ नाही. म्हणून महिन्यातून एक तास मी एक छापील चित्र फळ्यावर लावतो. नियम एवढाच की ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही आणि आधीच्याने सांगितलेले पुन्हा सांगायचे नाही.

एकदा मन्सूरच्या पक्ष्याचे चित्र लावले होते. पहिल्या मुलाने पिसे मोजल्यासारखी काढली आहेत असे सांगितले. दुसऱ्याने पंजे जमिनीवर नीट टेकले आहेत हे दाखवले. मागच्या बाकावरची, एरवी न बोलणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, याचा डोळा आपल्याकडे नाही. त्याला आपण दिसलोच नाही.” सगळा वर्ग चित्राकडे पुन्हा पाहू लागला. ती मुलगी पुढे चित्रकार होईल की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी तीस मुलांनी तिच्या डोळ्यांनी पाहिले.

हे करायला पैसे लागत नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, मोगल आणि दखनी चित्रे आहेत. हैदराबादला सालारजंग म्युझियम आहे. शाळेची सहल तिथे नेली तर मुलांना रांगेत पळवून आणू नये. एकाच चित्रासमोर पंधरा मिनिटे उभे करावे आणि बोलते करावे. घरी आयांनी, आपांनी, खालांनी मुलाच्या वहीतल्या चित्राला “वा” म्हणण्याऐवजी “हे झाड इथेच का काढलेस?” असे विचारावे. आपल्या मोहल्ल्यात मुशायरे होतात, नातिया महफिली होतात, वक्तृत्व स्पर्धा होतात. वर्षातून एकदा खुशखती आणि चित्रांची बैठक भरवावी, तिथे परीक्षकांनी गुणांबरोबर गुणांची कारणेही मोठ्याने सांगावीत आणि मुलांना उलट प्रश्न विचारू द्यावेत. त्या बैठकीत मुलींना पुढच्या रांगेत बसवावे. पूर्वी त्या पडद्यामागून पाहत होत्या आणि त्यांचे म्हणणे कुणी लिहून घेतले नाही. आता तरी ते लिहून घेऊ या.